नाताळच्या सुट्टीतले वाचन : अनुभव

नाताळच्या सुट्टीत कथा-कादंबऱ्या सोडून आपण काय वाचले आणि ते इतरांनी का वाचावे, हे लिहावे. नुसत्या याद्या नकोत; एकच पुस्तक घ्यावे, पण मनापासून लिहावे.

नौपाडा, ठाणे
मुलीच्या शाळेला आठ दिवस सुट्टी होती आणि आम्ही कोठेही जाणार नव्हतो, म्हणून १८९३ साली स्थापन झालेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणले. प्रतीचा पुठ्ठा सुटत आला होता आणि कोणीतरी ‘लग्नगडी’ या शब्दाखाली पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली आदिवासी माणसाने बायकोसह जमीनदाराच्या दारी वर्षानुवर्षे राबायचे, म्हणजे लग्नगडी व्हायचे. हे घडत होते तलासरी-डहाणूकडे, २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत आपल्याच असलेल्या जिल्ह्यात. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले, तेथे काही वारली आले आणि पुढे वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला तोंड फुटले, हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. कारण अंगारकीला टिटवाळ्याच्या रांगेत इतक्या वेळा उभी राहूनही हे कधी कानावर आले नव्हते. लेखिका स्वतः लढ्याच्या पुढारी, त्यामुळे त्यांची बाजू उघड आहे. तटस्थ इतिहास शोधणाऱ्यांनी तेवढे धरून चालावे.

घणसोली
सातवीतल्या मुलासोबत वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ वाचले. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग घ्या, असे शेतकऱ्यांना पटवणारा हा माणूस मुलाला फार आवडला. मला मात्र नायकाचे एवढे कौतुक थोडे जड गेले. मुलांना अवश्य द्यावे.

वाशी
वडिलांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ मी रोज संध्याकाळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून उत्तरेकडे निघतो आणि १८५७ च्या धामधुमीत सापडतो. डोळ्यांनी वाचताना जुनी वाटणारी भाषा तोंडाने वाचली की घरातल्या आजोबांची होऊन जाते. झाशीच्या वेढ्याच्या पानांवर वडिलांनी मला दोनदा थांबवले व पाणी मागितले. मिळवलेले सारे गमावूनही गोडसे गंगोदकाची कावड तेवढी घरी आणतात, यावर आमच्या स्वयंपाकघरात बराच वाद झाला; आईच्या मते आधी कर्ज महत्त्वाचे. मी वाचले ते चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये संपादून छापलेल्या पाठाचे पुनर्मुद्रण. दत्तो वामन पोतदार यांनी पुढे मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती वडिलांनी आता मागवायला सांगितली आहे.