संघ गाव सोडून गेला, तर चाहत्याने मागे जायचं का?

रामबागकर

हैदराबादचा आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग) फुटबॉल संघ २०२५ मध्ये दिल्लीला गेला, त्यावरून आमच्या सकाळच्या पोह्यांच्या मंडळात चांगलीच जुंपली. एक जण ठासून म्हणाला, "खरा चाहता संघामागे जातो. शहर बदललं म्हणून पाठ फिरवणारे मुळात चाहते नव्हतेच." इंदूरला स्वतःचा मोठा फुटबॉल संघ नाही, तरी हे वाक्य मला फार लागलं. माझं मत नेमकं उलटं आहे. संघ उचलून नेला, तर निष्ठा मागे राहणाऱ्यांकडेच राहते.

विम्बल्डनचं उदाहरण घ्या. दक्षिण लंडनचा हा क्लब १८८९ सालचा. कित्येक दशकं हौशी फुटबॉलमध्ये काढल्यावर १९७७ मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये जागा मिळाली, १९८६ मध्ये तो पहिल्या श्रेणीत पोचला आणि १९८८ मध्ये त्याने इंग्लंडचा मानाचा चषक, एफए कप जिंकला. तोही त्या काळच्या लिव्हरपूलला हरवून! लॉरी सांचेझचा हेडर, डेव्ह बीझंटने अडवलेली जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी, १-०. त्या चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग उतरण लागली. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या श्रेणीच्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्च्या असणं सक्तीचं झालं. प्लाऊ लेन हे जुनं मैदान त्यात बसेना. १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला तो परत आलाच नाही. प्लाऊ लेन विकलं गेलं. मालकांनी डब्लिनपर्यंत जागा शोधल्या. शेवटी २८ मे २००२ ला तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी क्लबला मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. हे शहर तिथून नव्वदेक किलोमीटर उत्तरेला. चाहते म्हणत होते, आम्ही विम्बल्डनमध्येच नव्याने सुरुवात करू. त्यावर आयोगाने लिहिलं की असं करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

पण चाहते थांबले नाहीत. काही आठवड्यांत त्यांनी एएफसी विम्बल्डन उभा केला. खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर चाचणी ठेवली, कोणीही यावं आणि खेळून दाखवावं. सुरुवात इंग्लिश फुटबॉलच्या श्रेणींच्या शिडीत नवव्या पायरीवरून. तिथे पहिल्याच मोसमात घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांच्या आसपास माणसं येत होती. त्याच मोसमात मूळ क्लब स्थलांतराची वाट बघत सेलहर्स्ट पार्कवरच खेळत होता. ऑक्टोबर २००२ मध्ये रॉदरहॅमविरुद्धच्या त्याच्या सामन्याला ८४९ प्रेक्षक होते. दोन पायऱ्या नाही, तब्बल सात पायऱ्या वरचा संघ, आणि ८४९!

या माणसांना पाठ फिरवणारे म्हणायचं?

तोपखाना

रामबागकर, मन लावून लिहिलंत. पण तुम्ही एकच आकडा दाखवलात, मी दुसरा दाखवतो. जानेवारी १९९३, विम्बल्डन विरुद्ध एव्हर्टन, प्रीमियर लीगचा सामना. प्रेक्षक ३,०३९. कोविडच्या निर्बंधांचा काळ सोडला तर त्या लीगच्या इतिहासात याहून कमी गर्दीची नोंद नाही. संघ सर्वोच्च श्रेणीत खेळतोय, समोर एव्हर्टन आहे, तेव्हा ही मंडळी कुठे होती?

माझी सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली, म्हणून मला हे दिसतं. क्लबला मैदान नाही, गर्दी नाही, तोटा वर्षागणिक वाढतोय. जून २००३ मध्ये तो दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला. मिल्टन कीन्सच्या लोकांनी हात दिला नसता तर क्लब बंद पडला असता. बंद पडलेल्या क्लबशी निष्ठा ठेवून काय करणार?

आणि जागा बदलणं हे पाप असेल तर आर्सेनलचं काय करायचं? टेम्सच्या दक्षिणेला वूलविचचा क्लब, १९१३ मध्ये नदी ओलांडून उत्तर लंडनमध्ये हायबरीला गेला. कारण तेच, गर्दी नाही आणि पैसा नाही. आज जगभर त्यांचे चाहते आहेत. शंभर वर्षांनी मिल्टन कीन्सबद्दलही कोणी विचारणार नाही.

स्टेडियमशेजारी

आर्सेनलबद्दल कोणी विचारत नाही म्हणता? उत्तर लंडनमधल्या त्यांच्या शेजारी क्लबच्या, टॉटनहॅमच्या एखाद्या माणसाला विचारून बघा, अजून ऐकवतात.

रामबागकर

तोपखाना काका, तो ३,०३९ चा सामना झाला कुठे? सेलहर्स्ट पार्कवर. स्वतःचं मैदान सोडून दुसऱ्याच्या मैदानावर, दुसऱ्याच्या रंगात रंगवलेल्या खुर्च्यांवर, जानेवारीच्या थंडीत आठवड्याच्या मधल्या रात्री. आधी माणसाचं मैदान काढून घ्यायचं आणि मग तो येत नाही म्हणून त्यालाच जाब विचारायचा, हे मला पटत नाही. कोणाच्या निर्णयाने तोटा झाला हेही हिशेबात धरायला हवं. प्लाऊ लेन चाहत्यांनी विकलं नव्हतं.

आर्सेनल एकाच शहरात हलला. शिवाय ज्याला जायचं नव्हतं त्याच्यासाठी दक्षिणेला मिलवॉल होता, चार्ल्टन होता. वूलविचच्या लोकांना तेव्हा वाईट वाटलं नसेल असं मी म्हणत नाही. त्यांचं दुःख नोंदवायला कोणी बसलं नव्हतं, एवढंच.

जेलरोडची लेक

मी यात थोडी जवळची आहे. पुण्यात शिकायला होते तेव्हा बालेवाडीला एफसी पुणे सिटीचे सामने बघायला जायचो. इंदूरची मुलगी, फुटबॉलचा घरात गंध नाही, पण हॉस्टेलच्या मुलींबरोबर एकदा गेले आणि लागला नाद. नारंगी टी-शर्ट, ढोल, आवाज बसेपर्यंत ओरडणं. २०१४ मध्ये सुरू झालेला संघ २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. आमचा मार्सेलिन्योही तिकडे खेळायला गेला.

त्या हैदराबादने २०२२ मध्ये गोव्याला केरळा ब्लास्टर्सला हरवून आयएसएल जिंकली. मी सामना टीव्हीवर बघितला. पेनल्टी शूटआऊट होतं, हृदय धडधडायला हवं होतं. काही म्हणजे काही वाटलं नाही. जागा आमची होती, पण त्या पिवळ्या शर्टात आमचं काही नव्हतं.

आणि पुढचं बघा. २०१९ मध्येच दिल्लीचा संघ भुवनेश्वरला नेऊन ओडिशा केला. सहा वर्षांनी हैदराबादचा दिल्लीला आणला. दिल्लीच्या ज्या मुलाने २०१९ मध्ये आपला संघ गमावला, त्याला आता सांगताहेत की हा घे दुसऱ्याचा, यावर प्रेम कर. त्याने केलं तर हैदराबादचा मुलगा रडतोय, नाही केलं तर तो "खरा चाहता नाही". आमच्यासारख्यांना निष्ठावान राहायची वाटच ठेवलेली नाही.

विम्बल्डनच्या लोकांकडे निदान खाली नवव्या पायरीवरून सुरुवात करून वर चढायची शिडी होती. एएफसी विम्बल्डन नऊ वर्षांत फुटबॉल लीगमध्ये पोचला, २०११ मध्ये ल्युटनला पेनल्टींवर हरवून. पुण्याच्या चाहत्यांनी उद्या क्लब काढला तर त्या पायऱ्या कुठे आहेत?

तोपखाना

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे आणि तो मलाही पटतो. पण तो व्यवस्थेचा दोष झाला. स्थलांतर चूक, असं त्यातून सिद्ध होत नाही.

रामबागकर, तुम्हाला इंदूरचंच विचारतो. होळकर संघाचं आपण आजही कौतुक करतो ना? चार रणजी विजेतेपदं, १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत. त्यातले खेळाडू कुठले? कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर डेनिस कॉम्प्टनने होळकरकडून नाबाद २४९ केल्या, तो लंडनचा! महाराजांनी माणसं बाहेरून आणली आणि संघ इंदूरचा झाला. १९५५ नंतर होळकर नाव गेलं, मध्य भारत आलं, मग मध्य प्रदेश. आपण संप केला का? २०२२ मध्ये चंद्रकांत पंडितांच्या संघाने बंगळुरूला मुंबईला हरवून रणजी जिंकली तेव्हा माझ्या घरी पेढे वाटले. नाव बदललं, राज्य बदललं, तरी आपण मागे गेलोच की.

रामबागकर

पेढे आमच्याकडेही वाटले. पण काका, तुमचं उदाहरण माझ्या बाजूने साक्ष देतंय. खेळाडू बाहेरून आले, राजा गेला, नाव गेलं, एवढं सगळं बदलूनही आपण संघाबरोबर राहिलो, कारण संघ इथून गेला नाही. होळकर संघ त्या काळी बंगालला विकला असता आणि ती चार विजेतेपदं कलकत्त्याच्या कपाटात लागली असती, तर तुम्ही तिकडे पेढे पाठवले असते का?

स्टेडियमशेजारी

आता मी थोडं अवघड बोलतो. आपण इंदूरवाले या धाग्यात स्वतःला विम्बल्डनच्या जागी ठेवतोय. मला वाटतं आपण जास्त वेळा मिल्टन कीन्स होतो.

२०११ मध्ये आयपीएलच्या कोची टस्कर्सने आपले दोन घरचे सामने होळकर स्टेडियमवर खेळले. ते सामने केरळच्या लोकांचे होते. मग २०१७ आणि २०१८ मध्ये पंजाबचे काही घरचे सामने इथे झाले. तिकिटांसाठी केवढी झुंबड उडाली होती! माझ्या गल्लीत पोरं गालावर लाल रंग लावून निघाली होती. त्यांना मोहालीच्या प्रेक्षकाचा विचार करा असं कोणी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं असंही मला वाटत नाही. एवढं मोठं क्रिकेट दाराशी आलं, मुलं जाणारच.

म्हणून मिल्टन कीन्सच्या माणसावर राग काढू नका. तिथे मोठा क्लब नव्हता, मुलांना तो मिळाला. डेले आली त्याच शहरात जन्मला, त्याच क्लबच्या अकादमीत घडला आणि इंग्लंडसाठी विश्वचषक खेळला. २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला त्यांनी ४-० ने हरवलं तेव्हा स्टेडियममध्ये नाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाने कोणाचं काय चोरलं होतं?

सुदामानगर

अगदी. मुलाने चोरलं नाही. पण मोठ्यांनी चोरीचा माल दिला हे त्याला कधीतरी कळायला हवं.

जेलरोडची लेक

"चोरीचा माल" जरा जास्त होतंय सुदामानगर, पण मुद्दा आहे.

मला दुसरंच सुचतंय. आपली घराणी होळकरांबरोबर दख्खनेतून इथे आली. दोन-अडीचशे वर्षं झाली, आपलं बोलणं माळवी-हिंदीत भिजलं, पण आमच्या घरी लग्न झालं की नवं जोडपं अजून जेजुरीला जातं. माणसं हलली, खंडोबा गडावरच राहिला. निष्ठा हलू शकते, लांबूनही टिकते, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. पण कोणी गडावरचा देव उचलून दुसरीकडे बसवला आणि भक्ताला म्हणाला "ये आता इकडे", तर ती गोष्ट वेगळी. माणूस स्वतः हलतो तेव्हा तो ठरवतो. क्लब हलवताना चाहत्याला कोणी विचारत नाही.

तोपखाना

ताई, देवाचा ताळेबंद नसतो, क्लबचा असतो. ज्याने पैसे घातले त्याने विचारायचं कोणाला? चाहत्यांना मत हवं असेल तर तोट्यातही वाटा उचलावा.

रामबागकर

उचलला! इथेच तुमचा ताळेबंद अपुरा पडतो. एएफसी विम्बल्डन चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा आहे. त्यांना प्लाऊ लेनवर जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियम बांधायचं होतं. २०२० मध्ये पैसे कमी पडले. बाहेरचा गुंतवणूकदार घेतला तर मालकी हातची जाईल, म्हणून चाहत्यांनी रोखे काढले आणि आपापसांतून पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे पहिला सामना झाला, डॉनकास्टरविरुद्ध २-२. कोविडमुळे आत प्रेक्षकांना बंदी. २९ वर्षं वाट बघितली, स्वतःच्या पैशाने मैदान बांधलं आणि पहिला सामना घरी बसून पडद्यावर पाहिला. काका, वाटा उचलणं याहून वेगळं काय असतं?

स्टेडियमशेजारी, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मिल्टन कीन्सच्या मुलाने आपल्या संघावर जीव लावावा. फक्त १९८८ चा चषक त्याचा नाही. आणि हे त्या क्लबनेही मान्य केलंय. २००७ मध्ये त्यांनी विम्बल्डनच्या जुन्या चषकांवरचा हक्क सोडला आणि त्यांच्या प्रतिकृती मर्टन बरोकडे, म्हणजे विम्बल्डन ज्या हद्दीत येतं तिथल्या नगर प्रशासनाकडे दिल्या.

तोपखाना

रोख्यांची गोष्ट मोठी आहे, मानलं. पण ती २०२० ची. २००२ मध्ये मालकाचा रोजचा तोटा भरायला तेवढे पैसे कोणी आणले नव्हते. मी असतो त्या आयोगावर तर आजही होच म्हणालो असतो. पण एक अट घातली असती. अमेरिकेत क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मालक १९९६ मध्ये संघ बाल्टिमोरला घेऊन गेला, तेव्हा नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडमध्येच ठेवायचा करार झाला आणि १९९९ मध्ये त्याच नावाने संघ पुन्हा उभा राहिला. मालकाने खेळाडू न्यावे, कर्ज न्यावं, लीगमधली जागा न्यावी. नाव आणि चषक गावाचे. आयएसएलच्या परवान्यात हे पहिल्या दिवसापासून लिहायला हवं होतं.

जेलरोडची लेक

काका, ही अट असती तर पुणे सिटी नाव आज कोणाकडे तरी जपलेलं असतं. लीगमधली जागा मात्र मी मालकाला देणार नाही. ती आम्ही बालेवाडीत ओरडून मिळवली होती असं मला अजून वाटतं. यावर आपलं जमायचं नाही.