घड्याळ म्हणतं ठोके अनियमित, होल्टर म्हणतो नॉर्मल. खरं कोणाचं?

झोपमोड:
आई ६८ वर्षांची. महिन्यातून एकदोनदा छातीत फडफडतं म्हणते, दहापंधरा मिनिटांत आपोआप थांबतं. २४ तासांचा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) लावला, रिपोर्ट नॉर्मल. मग भावाने ॲपल वॉच दिलं, तर परवा पहाटे त्यावर अनियमित ठोक्यांचं नोटिफिकेशन! मी धावत जाऊन घड्याळावरच ईसीजी काढला तर सायनस ऱ्हिदम, म्हणजे नॉर्मल लय. आता आई म्हणते घड्याळच बिघडलंय, काढून ठेव. काय करू?

जुनी_पट्टी:
दोन्ही खरं असू शकतं. महिन्यातून दोनदा येणारी फडफड एका दिवसाच्या होल्टरला नेमकी सापडणार कशी? मी बरीच वर्षं होल्टरच लावत होतो, नॉर्मल रिपोर्ट घेऊन खूश होऊन जाणारे खूप पाहिलेत. घड्याळात दोन वेगळ्या गोष्टी असतात. मागचा हिरवा लाइट अधूनमधून नाडी बघतो, तेही हात स्थिर असताना, आणि एकदा ठोका चुकला म्हणून ओरडत नाही, किमान तासाभर पुन्हापुन्हा गडबड दिसली तरच. ईसीजीला दुसऱ्या हाताचं बोट बटणावर लागतं, ३० सेकंद, एकच लीड, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणं. तेवढ्यात फडफड नसेल तर सायनसच येणार, म्हणून पहाटेचं खोटं ठरत नाही. आईलाच शिकवा, फडफड सुरू असतानाच काढायचा, हात मांडीवर टेकवून, न बोलता. हात हलला की रेघ अशी गिचमिड होते की काही कळत नाही.

कडू_काढा:
पण लगेच एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड) धरून बसू नका. २०१९ च्या ॲपल हार्ट स्टडीत चार लाखांवर लोक होते, नोटिफिकेशन आलं जेमतेम ०.५२ टक्क्यांना, आणि त्यातल्या ज्यांनी नंतर छातीला चिकटवायचा, ठोके नोंदवणारा पॅच लावून परत पाठवला त्यांच्यात ३४ टक्क्यांनाच एएफ सापडलं. मला स्वतःला नुसते एक्टोपिक, म्हणजे मधेच पडणारे जादा ठोके, निघाले, तोवर महिनाभर दर तासाला ईसीजी काढून बायकोचं डोकं खाल्लं.

झोपमोड:
रक्त पातळ करायची गोळी आधीच सुरू केली तर? स्ट्रोकची भीती वाटते.

जुनी_पट्टी:
अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका असतो. एएफमध्ये स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट हे खरं, पण गोळी वय, बीपी, शुगर सगळं बघून डॉक्टरच ठरवतात. नोटिफिकेशनचा स्क्रीनशॉट दाखवा आणि १४ दिवसांच्या पॅचचं विचारा. आणि हो, छातीत दुखलं तर घड्याळ बघत बसू नका, त्याला हार्ट अटॅक कळत नाही, सरळ इमर्जन्सीत न्या.

झोपमोड:
अपडेट: काल पॅच लावला. आईचा पहिला प्रश्न, याच्यावर वेळ कुठे दिसते?