नरसापूर लेस: ऑर्डरी आज रात्रीपर्यंतच

कुलकर्णी वहिनी, ए-२०२: कालपासून तेवीस मेसेज! मी आणि जयश्रीताई चार दिवस लेस बघायला, फिरायला चाललोय. कुरिअर उघडलेलं नाही. कुणाला खरंच हवं असेल तर माप, रंग आणि पैसे आज रात्रीपर्यंत. "छानसं काहीतरी आणा" चालणार नाही 🙏

बापट काका, सी-१०१: आपल्या संभाजीनगरच्या गुलमंडी बाजारात हीच लेस मीटरवर मिळते. त्यासाठी आंध्रात कशाला?

जयश्रीताई, बी-३०४: काका, मीटरवरची मशीनची. नरसापूरचं काम हाताने विणलेल्या क्रोशाचं, २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय.

शिंदे, बी-१०३: नगरसोल–नरसापूर गाडी आपल्याच स्टेशनवरून जाते ना? मग बदलायचीसुद्धा भानगड नाही.

निकम सर, ए-४०१: आणि नदीही आपलीच. त्र्यंबकेश्वरची गोदावरी तिथे वसिष्ठ शाखेने समुद्राला मिळते.

शिंदे, बी-१०३: नाशिकवाल्यांनी सोडली तर! 😄

सचिव: पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, शनिवारी टाकी सफाई. १० ते ४ पाणी बंद.

कुलकर्णी वहिनी, ए-२०२: सचिवसाहेब, हे तिसऱ्यांदा. वाचलंय सगळ्यांनी.

मोरे ताई, सी-३०२: माझं माप: सहा खुर्च्यांचं.

कुलकर्णी वहिनी, ए-२०२: अगं, खुर्च्यांना नेसवायचंय का? टेबलाची लांबी-रुंदी इंचात सांग. चारी बाजूंना ८ इंच लोंबायला हवं. म्हणजे टेबल ३६ × ६० असेल तर कापड ५२ × ७६. लोंबणं धरलं नाही तर ते टेबलावर रुमालासारखं बसतं.

बापट काका, सी-१०१: दिसायला दोन्ही सारखीच. गुलमंडी स्वस्त.

जयश्रीताई, बी-३०४: लांबून सारखी. उलटी करून भिंगातून बघा. क्रोशात एकच दोरा फासातून फास काढत गेलेला दिसतो. मशीनच्या नकलेत बऱ्याचदा विरघळणाऱ्या कापडावर भरतकाम करतात, मग खालचं कापड धुऊन टाकतात. तिथे फास नसतात, मागे-पुढे गेलेल्या धाग्यांचा गुंता असतो. गोल रुमालात मधून काठाकडे एक बारीक तिरकी रेघ दिसली तर नाक मुरडू नका. प्रत्येक फेरी जिथे जोडली जाते तिथली ती खूण आहे, दोष नाही.

देसाई मावशी, बी-२०१: गोल रुमाल आणलात तर फरशीवर पसरून बघा गं. मधून वाटीसारखा उचलला गेला तर खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, कमी पडलेत, काठ झालरीसारखा उसळला तर जास्त झालेत. सपाट गोलाचं गणित १२, २४, ३६, म्हणजे दर फेरीला १२ खांब वाढले पाहिजेत.

जयश्रीताई, बी-३०४: बरोबर मावशी. मोठ्या टेबलक्लॉथला आणखी एक बघायचं. फुलं एकीने विणलेली असतात, जोडणारी दुसरीच. दोघीतिघींच्या हाताची ओढ वेगळी असली की फुलं लहान-मोठी होतात आणि जोडावर चुण्या पडतात. किंचित वाकडं असेल तर ओलं करून टाचण्या लावून सरळ होतं, जोडावरच्या चुण्या जात नाहीत. पांढरा रंग दिवसाउजेडी बघायचा. दोऱ्याचा लॉट बदलला असेल तर ट्यूबलाइटखाली कळत नाही.

पवार, सी-२०४: घासाघीस मात्र कडक करा. हे लोक दुप्पट सांगतात.

जयश्रीताई, बी-३०४: दुकानदार सांगत असेल, विणणारी नाही. दोरा व्यापाऱ्याचा, मधे दलाल आणि बाईला मजुरी नगावर. ती "गृहिणी", म्हणजे हे फावल्या वेळचं काम, म्हणून मजुरी कमी. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास करून १९८२ मध्ये हेच मांडलं होतं. आपण निम्मे पाडले तर कापले कुणाचे जाणार?

पवार, सी-२०४: सहज म्हटलं हो. लगेच भाषण.

निकम सर, ए-४०१: शांत व्हा. ताई, लेसच्या कामाचं केंद्र, लेस पार्क, सीतारामपुरमला आहे, नरसापूरला लागूनच. एक दिवस त्याला ठेवा. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे अंतर्वेदीचा लक्ष्मीनरसिंह आणि अलीकडे पालकोल्लूचं क्षीरारामम, पंचाराम म्हणतात त्या पाच शिवमंदिरांपैकी.

मोरे ताई, सी-३०२: आणि पूतरेकुलू! आत्रेयपुरमची. तांदळाच्या पापुद्र्यात तूप-गूळ. बॅगेत तळाशी ठेवलीत तर चुराच येईल.

बापट काका, सी-१०१: एवढं करून धुतल्यावर आटणार. गुलमंडीचीच बरी.

देसाई मावशी, बी-२०१: सुती आहे, गरम पाण्यात घातलीत तर आटेलच. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, ब्लीच तर अजिबात नाही. दोरीवर टाकलीत तर स्वतःच्याच वजनाने लांबडी होते. टॉवेलवर पसरून, काठाला न गंजणाऱ्या टाचण्या लावून वाळवा. साबुदाण्याची पातळ खळ दिली की कडक बसते, पण कपाटात ठेवायच्या आधी खळ धुऊन काढा, नाहीतर झुरळं आणि कसर. घडी नको, गुंडाळी करा.

कुलकर्णी वहिनी, ए-२०२: आतापर्यंत माप आणि पैसे दोन्ही फक्त मोरे आणि निकम सरांचे. बाकीच्यांचं नाव लिहिलेलं नाही.

बापट काका, सी-१०१: बरं, मला एक टीव्हीवर टाकायला.

शिंदे, बी-१०३: काका, तुमचा टीव्ही भिंतीवर आहे.

बापट काका, सी-१०१: मग मिक्सरवर.

कुलकर्णी वहिनी, ए-२०२: माप पाठवा.

सचिव: शनिवारी टाकी सफाई. १० ते ४.