‘हार्ट्स ऑफ स्टोन’ (1978): स्प्रिंगस्टीनचं उरलंसुरलं की त्याच्याहून सरस?

एडिसनकर
न्यू जर्सीत राहून सोळा वर्षं झाली. इथे कुणाशीही रॉक अँड रोलचा विषय काढा, तिसऱ्या वाक्याला ब्रूस स्प्रिंगस्टीन येतोच. येऊ दे, माझाही तो लाडका आहे. पण त्याच भागातल्या, त्याच वयाच्या साउथसाइड जॉनीचं नाव घेतलं की समोरचा ‘कोण?’ म्हणतो, तेव्हा चिडायला होतं.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. जॉन लायन, टोपणनाव साउथसाइड जॉनी. शिकागोच्या ब्लूजचं वेड, म्हणून ते नाव. गातो, हार्मोनिका वाजवतो. बँडचं नाव अ‍ॅसबरी ज्यूक्स. एडिसनहून गाडीने तासाभरावर अ‍ॅसबरी पार्क हे समुद्रकाठचं गाव आहे, तिथल्या स्टोन पोनी नावाच्या बारमध्ये हे लोक वाजवायचे. पहिले दोन अल्बम 1976 आणि 1977 चे. तिसरा 1978 चा ‘हार्ट्स ऑफ स्टोन’, नऊ गाणी. निर्माता स्टीव्हन व्हॅन झँट, म्हणजे स्प्रिंगस्टीनचा गिटारवाला. (‘सोप्रानोज’ पाहिलेल्यांनी सिल्व्हिओ आठवावा, तोच हा.)

माझं म्हणणं सरळ आहे. रॉक अँड रोलमध्ये ट्रम्पेट-सॅक्सोफोन बहुतेकदा तोंडी लावायला असतात. ताटात कोशिंबीर असते तसे, नसले तरी जेवण अडत नाही. या अल्बममध्ये ते पाच वाजवणारे काढून टाका, गाणं उभंच राहत नाही. जॉनी एक ओळ म्हणतो आणि ते पाचजण त्याला उलट उत्तर देतात. कधी दुजोरा देतात, कधी ‘गप रे’ म्हणतात. ते साथीला बसलेले नाहीत, दुसरा गायक आहेत. तळाशी बॅरिटोन सॅक्सोफोन बेसला चिकटून चालतो, वर दोन ट्रम्पेट, आणि मधल्या जागेत ट्रॉम्बोन आणि टेनर सॅक्सोफोन. एकदा फक्त ट्रॉम्बोनवर कान ठेवून ‘ट्रॅप्ड अगेन’ ऐका.

असा अल्बम आला आणि वर्षभरात कंपनीने बँडला नारळ दिला. स्प्रिंगस्टीनची सावली नसती तर आज हा प्रत्येक यादीत असता. बोला.

खडूस
सावली? ज्या सावलीबद्दल रडताय तिच्याच पाण्यावर हे झाड वाढलं. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ हे शीर्षकगीत स्प्रिंगस्टीनचं. ‘टॉक टू मी’ त्याचं. ‘ट्रॅप्ड अगेन’ लिहिण्यात तो तिसरा भागीदार. गिटारवर व्हॅन झँट, ड्रमवर मॅक्स वाइनबर्ग, दोघंही स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडचे. म्हणजे शेजाऱ्याकडून डाळ, तांदूळ आणि कुकरही आणायचा आणि वर म्हणायचं की आमच्या खिचडीची कुणी दखल घेत नाही!

एडिसनकर
हिशोब पूर्ण करा की. नऊपैकी दोन गाणी स्प्रिंगस्टीनची, एक तिघांचं, उरलेली सहा व्हॅन झँटची. आणि ती दोन स्प्रिंगस्टीनने का दिली? त्याच साली त्याचा ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’ आला. कोरडा, कडू, हाडं मोजून घ्यावीत असा. त्यात या गोड-दुखऱ्या गाण्यांना जागाच नव्हती. त्याने ती टाकून दिली नाहीत, जिथे शोभतील तिथे पाठवली. त्याची स्वतःची रेकॉर्डिंग्ज पुढे बाहेर आली, शीर्षकगीत 1998 च्या ‘ट्रॅक्स’मध्ये आणि ‘टॉक टू मी’ 2010 च्या ‘द प्रॉमिस’मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून ऐका. मला दोन्ही वेळा जॉनीचंच पटतं. स्प्रिंगस्टीन ते गाणं सांगतो, जॉनीला ते भोवतं.

आळशी उंट
मुद्दा वेगळा. ‘उपेक्षित’ हा शब्द हल्ली कोथिंबिरीसारखा कशावरही भुरभुरतात. 1987 मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने मागच्या वीस वर्षांतले शंभर उत्तम अल्बम निवडले, त्यात हा आहे. बीटल्स, डिलन यांच्या पंगतीत पाट मांडून बसवलं. आणखी काय पालखी काढायची?

एडिसनकर
समीक्षकांनी पंगतीत बसवलं, खरंय. पण लोकांच्या ताटात आला नाही, दुखणं ते आहे.

मिरामार
हा धागा आवडला, पण ‘सावली’वाली मांडणी मला आळशी वाटते (उंटदादांना उद्देशून नाही 🙂). 1978 साल बघा ना. एकीकडे डिस्को, तिथे भोंगे (ट्रम्पेट, सॅक्सोफोन वगैरे) होते, पण गुळगुळीत, व्हायोलिनच्या ताफ्यासोबत. दुसरीकडे पंक, त्यांना तीन कॉर्ड आणि राग पुरेसा. अशा वेळी साठच्या दशकातल्या सोल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या, संगीतावर जीव टाकणारी दहा माणसं स्टेजवर उभी राहतात. डिस्कोवाल्यांना ती खरखरीत वाटणार, पंकवाल्यांना म्हातारी. स्प्रिंगस्टीन नसता तरी हेच झालं असतं.

आणि एक चूक: सॅक्सोफोन ब्रासमध्ये (पितळी वाद्यांत) मोजत नाहीत. पितळेचा असला तरी आवाज रीडमधून, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पातळ पट्टीतून येतो. आमच्या घरी आजोबांपुढे कुणी असं म्हटलं असतं तर जेवण मिळालं नसतं.

एडिसनकर
मी ‘ब्रास’ म्हटलंच नाही, वर जाऊन बघा. ‘पाच वाजवणारे’ म्हटलंय. आजोबांचा अंदाज आधीच होता. 😄

खडूस
सोलचा विषय मिरामारताईंनी काढलाच आहे तर जे खटकतं ते स्पष्ट लिहितो. हा आवाज मूळचा कुणाचा? मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचा. तिथल्या ओटिस रेडिंग या गायकाच्या मागे वेन जॅक्सनचा ट्रम्पेट आणि अँड्र्यू लव्हचा टेनर सॅक्सोफोन. ओटिस फारसे कोरस गायक घ्यायचा नाही, त्यांची जागा हे वाजवणारे भरून काढायचे. ‘दुसरा गायक’ म्हणून तुम्ही ज्याची आरती ओवाळताय ते तिथे डझनभर वर्षं आधी झालं होतं. दोघं-तिघं मिळून ते काम करायचे, यांना पाच लागले.

आणि अ‍ॅसबरी पार्कचंच म्हणाल तर गावाच्या पश्चिम बाजूला स्प्रिंगवुड अव्हेन्यूवर कृष्णवर्णीयांचे क्लब होते. जुलै 1970 च्या दंगलीत तो रस्ता जळाला, पुढे कित्येक वर्षं तिथे मोकळे प्लॉट. चार वर्षांनी समुद्राच्या बाजूला स्टोन पोनी उघडला आणि गोऱ्या पोरांनी तेच संगीत वाजवून नाव कमावलं. उपेक्षित कोण, ते ठरवा.

एडिसनकर
या प्रतिसादातल्या दुसऱ्या परिच्छेदाला माझ्याकडे उत्तर नाही. स्प्रिंगवुड अव्हेन्यूवरून मी गेलोय. तिथून समुद्र पायी पंधरा-वीस मिनिटांवर असेल, पण गाव वेगळंच वाटतं.

पहिल्याबद्दल मात्र भांडणार. यांनी उसनवारी लपवली नाही. पहिल्या अल्बममध्ये ली डॉर्सी आणि रॉनी स्पेक्टर हे जुने गायक पाहुणे. दुसऱ्यात कोस्टर्स, ड्रिफ्टर्स, फाइव्ह सॅटिन्स हे जुने गायनगट. या लोकांना तेव्हा कोण विचारत होतं? यांनी बोलावून माइकसमोर उभं केलं. तिसऱ्या अल्बममध्ये मात्र एकही पाहुणा गायक नाही, दुसऱ्याचं जुनं गाणंही नाही. शिकवणी संपली, आता स्वतःचं म्हणून दाखवा, असा तो अल्बम आहे. म्हणून मला तो नक्कल वाटत नाही.

पाच कशाला लागले, तर ओटिसची गाणी मोकळी आहेत, वाजवणाऱ्यांना अंगण मिळतं. इथे दोन इलेक्ट्रिक गिटार आणि वाइनबर्गचा दणका. त्या गोंगाटात दोघांचा आवाज पोचला नसता.

आणि एक गोष्ट, जी तुमच्याच बाजूची निघेल कदाचित. 1975 मध्ये स्प्रिंगस्टीनच्या ‘टेन्थ अव्हेन्यू फ्रीझ-आउट’चं रेकॉर्डिंग अडलं होतं. डेव्हिड सॅनबॉर्न आणि ब्रेकर बंधू, म्हणजे न्यूयॉर्कचे अव्वल वादक, समोर लिहिलेलं नोटेशन. जमत नव्हतं. व्हॅन झँट तेव्हा बँडमध्येही नव्हता. त्याने कागद बाजूला ठेवायला लावले आणि एकेकाला त्याची ओळ गाऊन दाखवली. गाणं बसलं. ओटिस रेडिंगही वादकांना ओळी गुणगुणून सांगायचा. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मधल्या त्या पाच जणांच्या ओळी म्हणूनच गाता येतात. आंघोळ करताना मी जॉनीच्या नव्हे, ट्रम्पेटच्या ओळी म्हणतो.

मिरामार
थांबा थांबा. ‘कागद फेकला आणि जीव आला’ हे मला अजिबात मान्य नाही. ही गिटारवाल्यांची आवडती दंतकथा आहे. आमच्या गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना अक्षर ओळखीबरोबर स्वरलिपी शिकवायचे. तेच लोक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी जे लिहिलं ते कागदावरच लिहिलं ना? त्यात जीव नाही असं म्हणायची हिंमत आहे कुणाची? सॅनबॉर्नला नोटेशन वाचता येत होतं म्हणून गाणं अडलं नव्हतं. लिहिलेलं चुकीचं होतं म्हणून अडलं होतं.

एडिसनकर
शेवटचं वाक्य मान्य. बिनशर्त.

बँडवाल्याचा पोर
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. आमचा लग्नाचा बँड, मिरजेकडचा. वडील चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवतात. मी पोटापुरतं वाजवतो, नोकरी दुसरी.

तुम्ही सगळे लिहिलेलं-गायलेलं यावर भांडताय, वाजवणाऱ्याची अडचण वेगळीच असते. दम. गिटारवाल्याला श्वास घ्यायला गाणं थांबवावं लागत नाही. आमची ओळ तेवढीच, जेवढी छाती. पाच जणांनी एकत्र ओळ धरायची म्हणजे पाच जणांनी एकाच जागी श्वास घ्यायचा. एकाने आधी घेतला की भोक पडतं, ऐकणाऱ्याला कळत नाही काय बिघडलं, पण बिघडलेलं कळतं. वरातीआधी वडील आम्हाला झाडाखाली उभं करून तेवढंच घोटून घ्यायचे. सुरांचं नंतर, आधी श्वास. मध्ये थांबून ट्रम्पेटची कळ दाबून पाणी सांडायचं, मातीत छोटी डबकी व्हायची.

हा अल्बम काल पहिल्यांदा ऐकला. संथ गाणं आहे, तुम्ही शीर्षकगीत म्हणता ते. त्यात लांब धरलेल्या सुरांना शेवटी शेवटी किंचित कंप येतो. ती माणसं थकत आलीत आणि सोडत नाहीत. कीबोर्डवर भोंग्याचा आवाज लावून हे येत नाही. आमचा निम्मा धंदा त्या कीबोर्डने आणि उरलेला डीजेने खाल्ला, म्हणून जरा जास्तच लक्षात आलं असेल.

खडूस
हा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे. बाकी मत कायम.

आळशी उंट
शोधायला गेलो तर 1954 चं याच नावाचं भलतंच गाणं लागलं. दोन मिनिटं ‘हे काय सोल आहे?’ करत बसलो. बाकीच्यांनी गायकाचं नाव घालून शोधा.

खरा अल्बम आत्ता संपवला. शेवटचं ‘लाइट डोन्ट शाइन’ उत्तम. पण जॉनीच्या गळ्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. वर जाताना आवाज फाटतो. त्या पाचजणांना दुसरा गायक म्हणताय, मला ती पहिल्या गायकाची कुबडी वाटली.

एडिसनकर
फाटतो. म्हणूनच ऐकवतो. स्वच्छ गळ्याच्या माणसाने ‘मी वेडा ठरलो’ म्हटलं तर मी त्याला म्हणेन, बस, चहा घे, होईल ठीक.

मिरामार
माझं मत, मग मी झोपते. तुम्हाला उपेक्षितच हवं असेल तर चार वर्षं पुढे या. 1982, ‘मेन विदाउट विमेन’. व्हॅन झँटचा स्वतःचा अल्बम, लिटल स्टीव्हन या नावाने. ज्यूक्समधल्याच ला बाम्बा या ट्रॉम्बोनवाल्याची टोळी मागे, ड्रमवर रास्कल्स बँडचा डिनो डॅनेली, आणि बराचसा स्टुडिओत एकत्र उभं राहून वाजवलेला. हार्ट्स ऑफ स्टोनमध्ये जे नीटनेटकं आहे ते तिथे अंगावर येतं. त्याला तर तुमच्या शंभराच्या यादीतही पाट मिळाला नाही.

एडिसनकर
तो मला आवडतो, पण त्यात गायक व्हॅन झँट आहे. त्याने दुसऱ्यांसाठी लिहावं, दुसऱ्यांना ओळी गाऊन दाखवाव्यात, स्वतः गाऊ नये. या वाक्यावरून नवा धागा निघेल याची कल्पना आहे.

@बँडवाल्याचा पोर, एक विनंती. वडिलांना ऐकवाल का? त्यांचं मत या सगळ्यांपेक्षा मोलाचं.

आळशी उंट
‘कंपनीने नारळ दिला’ म्हणता, मग पुढे काय? संपले का?

एडिसनकर
छे. 1979 मध्ये दुसऱ्या कंपनीकडून ‘द ज्यूक्स’ काढला, अलाबामात मसल शोल्सला जाऊन, बॅरी बेकेट निर्माता. व्हॅन झँट नव्हता, आणि ते ऐकू येतं. पण बँड चालूच राहिला, माणसं बदलली तरी वाजवणारे ठेवले. एका उन्हाळ्यात स्टोन पोनीच्या बाहेरच्या मैदानात पाहिलंय मी. शेजारी सत्तरीचे आजी-आजोबा, त्यांना प्रत्येक ट्रम्पेटची जागा पाठ. हवेत बोटं दाबत होते.

बँडवाल्याचा पोर
ऐकवलं. रविवारी दुपारी, मोबाइलवर, छोट्या स्पीकरला लावून. तीन गाणी डोळे मिटून ऐकली. मग विचारलं किती जण आहेत. म्हटलं पाच, शिवाय गाणारा, गिटारवाले, ड्रमवाला, कीबोर्डवाला, सगळे मिळून दहा. गावोगावी फिरायचे, मुक्काम, जेवण सगळं आलं.

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दहा जणांची सुपारी देणारा कोण मिळायचा रे यांना?”

एडिसनकर, माहीत असेल तर सांगा. रोज जेवताना विचारतायत.