‘दोष असूनही आवडलं’ की ‘दोषांसकट आवडलं’?

माझी भाची पंधरा वर्षांची आहे. तिच्या शाळेच्या वाचनालयात एक फळा आहे. आवडलेल्या पुस्तकाबद्दल चार-पाच ओळी मराठीत कार्डावर लिहायच्या आणि तिथे टाचायच्या. तिने बार्डूगो या अमेरिकन लेखिकेची ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५) ही कादंबरी निवडली. परवा रात्री फोन आला: “मावशी, या पुस्तकात गडबडी आहेत, मला दिसतात. तरी मी ते तीनदा वाचलंय. हे एका वाक्यात कसं लिहू? ‘दोष असूनही आवडलं’ लिहिलं तर पुस्तकावर उपकार केल्यासारखं वाटतंय.”

मी पुस्तक आणून वाचलं. केटरडॅम नावाच्या काल्पनिक बंदरातली सहा मुलं एका अभेद्य बर्फाळ किल्ल्यातून माणूस पळवून आणायला निघतात. जादू आहे, मारामारी आहे, पण पान उलटावंसं वाटतं ते माणसांसाठी. टोळीचा म्होरक्या काझ सतरा वर्षांचा, लंगडणारा, कावळ्याच्या डोक्याची मूठ असलेली काठी घेऊन फिरणारा. हातातले मोजे तो कधी काढत नाही. इनेज तारेवरून चालणाऱ्या कसरतपटूंच्या घरातली. आपल्या सुऱ्यांना तिने संतांची नावं दिली आहेत. हे असं पुस्तक असलं की गोष्ट विसरली तरी माणसं विसरत नाहीत.

पुस्तकाच्या प्रकाराला काय म्हणायचं, यावर आम्ही फार अडलो नाही. शाळेत कथेचे घटनाप्रधान, व्यक्तिप्रधान असे प्रकार शिकलेले असतात, त्यातलं ‘व्यक्तिप्रधान’ इथे चपखल बसतं. ‘अद्भुतरम्य’ही जुनाच शब्द, हळब्यांच्या ‘मुक्तामाला’ या जुन्या मराठी कादंबरीला (१८६१) समीक्षक तो लावत आले आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकासाठी मात्र ‘कुमार’ कोवळा वाटतो आणि ‘तरुण’ थोराड. तिथे भाचीने सरळ ‘यंग अडल्ट’ लिहिलं, मी हरकत घेतली नाही.

अडलं ते ‘असूनही’पाशी. तिच्या दोन तक्रारी आहेत. एक, ही मुलं सोळा-सतराची वाटतच नाहीत. तिशीतल्या मुरलेल्या माणसांसारखी बोलतात, डाव टाकतात. दुसरी, कामगिरी ऐन रंगात आली की कथा फ्लॅशबॅकमध्ये शिरते. या दोन्हींसकट पुस्तक आवडणं, याला तुमच्याकडे काय म्हणतात?

प्रतिसाद

ताई, आमच्याकडे पहिला शब्द येईल ‘चालवून घेणं’. पण चालवून घेतो ते गरजेपोटी. हवा तो रंग मिळाला नाही म्हणून जवळपासचा दोरा घ्यावा तसं. तीनदा वाचलेलं पुस्तक कुणी चालवून घेत नाही. ‘कानाडोळा’ही नको, कारण मुलगी स्वतःच म्हणतेय की तिला दिसतंय. ‘पोटात घालणं’ मला फार आवडतं, आईच्या मायेचा शब्द आहे, पण त्यात समोरच्याने अपराध केलेला असतो आणि क्षमा करणारा मोठा असतो. पंधरा वर्षांच्या वाचकाने लेखिकेचे अपराध पोटात घालायचे, हे नातंच उलटं होतं. ‘गोड मानून घ्या’ तर वाढणाऱ्याने म्हणायचं, जेवणाऱ्याने नव्हे.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हणही आठवली. पण तिच्यात हिशेब आहे: दूध मिळतंय म्हणून लाथ सोसायची. तुमच्या भाचीच्या बोलण्यात तो हिशेब ऐकू येत नाही.

प्रतिसाद

वयाच्या तक्रारीसाठी एक जुना शब्दप्रयोग सुचवतो. ज्ञानेश्वरीत ज्ञानेश्वर श्रोत्यांना विनवतात, की न्यून असेल ते पुरतं करून घ्या आणि अधिक असेल ते सरतं करून घ्या. ‘पुरतं करून घेणं’ म्हणजे जिथे कमी पडलं तिथे ऐकणाऱ्याने आपल्याजवळचं घालणं. यात उपकार नाही, क्षमा नाही; गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा दोघे मिळून ती पुरी करतात. भाचीला विचारा, वाचताना ती मुलांच्या वयाचं काय करते?

मूळ प्रश्नकर्ती

विचारलं. म्हणाली, “मी त्यांना मनातल्या मनात पंचविशीचं करून टाकलंय. पहिल्या प्रकरणांनंतर अडत नाही.” म्हणजे हे खरोखर ‘पुरतं करून घेणं’च झालं. मनापासून आभार.

पण फ्लॅशबॅकचं तसं नाही, आणि काल रात्री ते पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं (पुस्तक वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा). किल्ल्यात शिरताना काझ कैद्यांनी खच्चून भरलेल्या गाडीत असतो. अंगाला अंग लागतं आणि हा निर्दय म्होरक्या बेशुद्ध पडतो. आता आत काय होणार म्हणून जीव टांगणीला, आणि कथा नेमकी त्याच्या लहानपणात जाते. साथीत भाऊ गेलेला. मेला समजून त्यालाही प्रेतांच्या ढिगात टाकलेलं. तो भावाच्याच प्रेताच्या आधाराने पोहत किनारा गाठतो. हातमोजे का, ते इथे कळतं. वेग मोडतो हे खरंच. भाची म्हणते तो दोष आहे. पण तो काढला तर काझ उरतो कुठे?

म्हणून मला ‘सकट’ हवा. ‘सह’ आणि ‘सकट’ एक नव्हेत. ‘सह’ने आपण हवी असलेली गोष्ट जोडतो: सहकुटुंब या. ‘सकट’ येतो तो एरवी मागे राहिली असती अशी गोष्टही बरोबर आली तर: मुळासकट उपटलं, कपड्यांसकट भिजलो, सालासकट खाल्लं.

भाचीला मी फळांवरून सांगितलं. सीताफळाच्या बिया जिभेने वेगळ्या करून टाकायच्या, गर खायचा. बिया असूनही सीताफळ गोड. पेरूचं तसं करता येत नाही. कुणी बिया काढायला बसलं तर मधला मऊ गोड भाग त्यांच्याबरोबरच जातो. पेरू बियांसकटच खायचा, दाताखाली कचकच आली तरी. मुलांची वयं ही सीताफळाची बी, फ्लॅशबॅक ही पेरूची.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि दातात अडकली तर?” मी म्हटलं, तर कार्डावर लिही की अडकली.

आज तिने कार्डाचा फोटो पाठवला. शेवटच्या दोन ओळी अशा: “मुलं वयापेक्षा फार मोठी वागतात, ते मी मनात पुरतं करून घेतलं. मध्येमध्ये गोष्ट थांबते, पण जिथे थांबते तिथेच काझ भेटतो, म्हणून हे पुस्तक मला त्या थांबण्यासकट आवडतं.”

‘थांबण्यासकट’ मला तरी खटकत नाही. कुणाला खटकत असेल तर जरूर सांगा, कार्ड सोमवारी लागायचं आहे.