विषय: मराठवाड्यात समुद्रकिनारा?

मंडळी, नमस्कार.
डिसेंबरात तीन आठवडे छत्रपती संभाजीनगरला सासरी जातेय. लेकरांना शांत किनारा हवाय, पण कोकण गाठण्याइतकी रजा नाही. जवळ काही आहे का? वेरूळ-अजिंठा सांगू नका, तीनदा झालंय.

---

वहिनी, आमच्या पैठणला जा. पन्नासेक किलोमीटर. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा फुगवटा, ५५ किलोमीटर लांब आणि २७ रुंद. समोरचा काठ दिसत नाही, वारं सुटलं की लाटा पायाशी येतात, शिंपलेसुद्धा सापडतात. १९६५ला शास्त्रीजींनी पाया घातला, १९७६ला इंदिराबाईंनी उद्घाटन केलं. आमचं आजोळ त्या पाण्याखाली गेलं, त्यामुळे आजी त्याला कधी 'सागर' म्हणाली नाही. 'पाणी कुठवर आलंय?' एवढंच विचारायची.

भिंतीवर गर्दी असते. तुम्ही वरच्या अंगाला काठाकाठच्या गावांकडे जा, दिवस उगवायच्या आत. १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. चक्रवाक बदकं जोडीजोडीनं दिसतील, पट्टकादंब हंसही. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र पाणी ओसरून चिखल उघडा पडला की येतात; डिसेंबरात धरण तुडुंब असलं तर नशीब. पाणी हटलं की त्याच जमिनीवर गाळपेर करतात, काकड्या-टरबुजं निघतात. मोटारींचे पाइप काठावर अजगरासारखे पडलेले असतात, लेकरांना त्यावरून उड्या मारू देऊ नका.

आणि गाडी डांबरी सोडून खाली उतरवू नका. मागच्या खेपेला मी 'अजून थोडं पुढं' म्हणत काळ्या मातीत रुतवली. ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, वर हुरडा खाऊ घातला. बायको अजून म्हणते, रुतली तेच बरं झालं.

---

यात माझी भर: पुण्याच्या रस्त्यानं आलात तर कायगाव-टोक्याला थांबा. प्रवरा गोदावरीला मिळते तिथं. टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर पेशवेकालीन, नक्षी बघत राहावी अशी, आणि माणूस दिसत नाही. पैठणात नाथवाड्यातला, म्हणजे संत एकनाथांच्या वाड्यातला, रांजण चुकवू नका. श्रीखंड्या होऊन आलेल्या कृष्णानं कावडीनं पाणी भरलं म्हणतात, तो.

---

खूप आभार! धाकटीनं लगेच विचारलं, एवढं पाणी शेजारी असून आजीच्या नळाला रोज का येत नाही? यावर कुणाकडे उत्तर असेल तर वेगळ्या मेलमध्ये. आणि भाऊजी, त्या ट्रॅक्टरवाल्याचं गाव कोणतं?