उपकरणांना पत्ता ‘ठरवणे’, ‘राखणे’ की ‘नेमून देणे’?

प्रश्न : नागपुरात तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना मायक्रोप्रोसेसर मराठीतून शिकवताना, इनपुट-आउटपुट उपकरणांना पत्ते देण्याच्या क्रियेला काय म्हणावे? ‘अभिहस्तांकन’ चालेल का?

उत्तर : माझ्या मते तो शब्द येथे टाळावा, कारण दस्तऐवजांच्या भाषेत तो हक्क दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी रूढ आहे आणि पत्ता देताना कोणताही हक्क हलत नाही. क्रियापद निवडताना पत्ता कोण देतो आणि केव्हा देतो, हे आधी पाहावे.

८०८५ या मायक्रोप्रोसेसरमध्ये पोर्टचा, म्हणजे उपकरण जोडण्याच्या जागेचा, पत्ता ८ बिटांचा, म्हणजे २५६ शक्यतांचा असतो. मेमरीचा पत्ता १६ बिटांचा असल्याने तेथे ६५,५३६ जागा मिळतात. दोन्ही पत्ते एकाच बसवरून, म्हणजे तारांच्या एकाच संचावरून, जात असले, तरी १२ क्रमांकाचे घर जसे धरमपेठेतही असते आणि महालातही, तसा एकच क्रमांक मेमरीतील जागेचा आणि पोर्टचाही असू शकतो, व त्यांपैकी कोणता अभिप्रेत आहे हे प्रोसेसर एका स्वतंत्र रेषेवरील संकेताने कळवतो. पोर्टचा पत्ता उपकरणात साठवलेला नसतो. पत्ता ओळखून नेमके उपकरण निवडणाऱ्या डिकोडरची जोडणी जशी केली असेल त्यातून तो निघतो. म्हणून येथे ‘पत्ता ठरवणे’ म्हणावे, आणि ठरवणारा असतो मंडलाची (सर्किटची) रचना करणारा माणूस.

प्रश्न : मग मेमरी-मॅप्ड पद्धतीत, म्हणजे उपकरणांनाही मेमरीच्याच पत्त्यांतले पत्ते असतात तेथे?

उत्तर : तेथे ‘पत्ते राखून ठेवणे’ अधिक नेमके आहे. १९७० मध्ये आलेल्या पीडीपी-११ या संगणकात इनपुट-आउटपुटसाठी वेगळ्या आज्ञा नव्हत्या. पत्त्यांच्या वरच्या टोकाचा ८ किलोबाइटांचा पट्टा उपकरणांसाठी राखलेला होता आणि मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञांनीच उपकरणेही हाताळली जात.

‘नेमून देणे’ मात्र यूएसबीला शोभते. नवे उपकरण जोडल्यावर ते आधी शून्य या पत्त्यावर उत्तर देते, त्यानंतर संगणक त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो, आणि तेच उपकरण काढून पुन्हा जोडले तर वेगळा पत्ता मिळू शकतो. ‘संगणकाने पत्ता नेमून दिला’ हे वाक्य येथे बरोबर आहे. ८०८५ विषयी तसे लिहिले, तर विद्यार्थी ते काम करणारा प्रोग्रॅम शोधत बसेल.

‘उपकरणाचा पत्ता’ असे एकवचनही जपून वापरावे. उपकरणे जोडण्यासाठी वापरली जाणारी ८२५५ ही एकच चिप चार पत्ते घेते : तीन पोर्टांचे तीन आणि पोर्टांचे काम ठरवणाऱ्या नियंत्रण रजिस्टरचा चौथा.